नवा निकाल: एक

ते मीच लावून दिलं हेल्वेला,
कार्डलाच्या वाचनालयात, खिडकीजवळच्या संगणकावर,
बेटाभोवतीचा समुद्र गोठून
मोटारी बर्फावरून ये-जा करत होत्या त्या फेब्रुवारीत.
म्हटलं, नाव अवतरणचिन्हांत घाल,
नाहीतर जगातले सगळे राइवो तुझ्या दारात येतील.
तिने एका बोटाने टाइप केलं: राइवो प्रूल.
दोन्ही बाजूंची चिन्हं नीट बसली का, वाकून पाहिलं,
पोराच्या कानांवर टोपी ओढावी तसं.

या नावाचं कुठे काही नवं आलं की पत्र येईल.
कोण पाठवतं?
कुणी नाही. यंत्र.
रोज बघतं?
रोज.
रविवारीसुद्धा?
रविवारीसुद्धा.
मग पाद्रीपेक्षा बरं, म्हणाली, आणि हातमोजे शोधू लागली.

राइवो मासेमारी जहाजावर गेला त्याला अकरा वर्षं.
शेवटचं कार्ड लास पाल्मासहून. वर उंट, मागे 'बरा आहे'.
मेला असं कुणी म्हणत नव्हतं.
आहे असंही.

पहिलं पत्र ऑक्टोबरात आलं.
नवा निकाल: एक.
निकाल या शब्दाने माझंच पोट खड्ड्यात गेलं.
उघडलं तर भोपळा.
कॅनडात, ओंटारिओतल्या कुठल्याशा गावच्या जत्रेत
राइवो प्रूल नावाच्या, साठी उलटलेल्या, टक्कल पडलेल्या माणसाला
दोनशे बारा किलोच्या भोपळ्यासाठी तिसरं बक्षीस.
हा तो नव्हे, मी म्हटलं.
दिसतंय मला, ती म्हणाली.
पण भोपळा किती मोठा आहे बघ.

मग तो येतच राहिला.
शाळेसमोर गतिरोधक हवा म्हणून वर्तमानपत्राला पत्र.
चर्चच्या गायनवृंदात, मागच्या रांगेत, अर्धा खांबाआड.
जुनी होडी विकणे आहे, इंजिन चालू, किंमत बोलून ठरवू.
किंमत जास्त लावलीय, हेल्वे म्हणाली. कोण घेणार?
मी विचारलं, शब्द बदलूया का? जहाजाचं नाव जोडून पाहू?
तिने मान हलवली. नको.
एवढ्या लांबून येतो तो.

मग एका मार्चमध्ये:
डोरीन प्रूल यांचे निधन.
मागे पती राइवो, दोन मुली, एक मांजर.
मांजराचं नाव छापलं होतं, मला आठवतं.
हेल्वे छापील कागद घडी करून घरी घेऊन गेली.
रात्री तिच्या खिडकीत मेणबत्ती दिसली,
आणि मला कळेना
हे दुःख आता कोणाच्या पत्त्यावर पाठवायचं.

शेवटचं पत्र यंत्राचंच होतं.
तीस जूनपासून ही सेवा बंद.
इतकी वर्षं आमच्यासोबत राहिलात, आभारी आहोत.
मी समजावलं, अगं, त्यात काय,
तू स्वतः शोधू शकतेस, कधीही, आत्तासुद्धा.
ती बराच वेळ कीबोर्डकडे बघत बसली.
विचारायला जाणं वेगळं, म्हणाली,
आणि कुणीतरी येऊन सांगणं वेगळं.
मी विचारलं आणि नाही म्हणाले, तर
ते 'नाही' मी घरी आणायचं.
सांगावा आला नाही, तर
तो फक्त अजून वाटेत असतो.

तेव्हापासून रविवारी, वाचनालय बंद असताना,
मी मागच्या दाराने आत जाते.
नाव घालते, दोन्ही बाजूंना चिन्हं.
एकदा जहाजाचं नावही जोडून पाहिलं.
त्याबद्दल मी कुणाला बोललेले नाही.

ऑक्टोबरात पुन्हा भोपळा. दोनशे चाळीस, दुसरं बक्षीस.
मी कार्डावर शाईने लिहिलं, नवा निकाल: एक,
आणि तिच्या पत्रपेटीत टाकून आले.

बुधवारी ती आली. टेबलावर पुडकं ठेवलं,
धुरावलेल्या माशाचा वास भूगोलाच्या कपाटापर्यंत गेला.
यंत्राला सर्दी झाली होती का?
अक्षर तिरकं आलंय या वेळी.
मी पुस्तकांवर शिक्के मारत राहिले.
हे त्याला दे, म्हणाली.
रविवारीही काम करतं ना.